रजिस्टरातली एक ओळ

मावशीनं माझी चारही पानं वाचून संपवली, कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर अडकित्ता ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण याच्यात सगळ्याईनं मारच खाल्ला का वं? कोनं काही शिकलं बी असंल ना?"

12 मे म्हणजे परिचारिका दिन. त्या दिवशी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात. यंदा भाषण माझ्याकडे आलं. नर्सिंगचा इतिहास मीच शिकवते, आणि तो जसा शिकवावा लागतो त्याचा मला दरवर्षी त्रास होतो. आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मग क्रिमियाची लढाई, मग दिवा, मग एकदम आपलं नर्सिंग कौन्सिल. मधल्या बायका कुठं गेल्या? म्हणून मी विषयच तो घेतला: गोऱ्या-काळ्याचा भेद पाळणाऱ्या जगात हा पेशा कसा उभा राहिला. लिहून झाल्यावर ते आधी मावशीनं वाचावं असं वाटलं. ती 1974 साली अधिपरिचारिका म्हणून सरकारी नोकरीत लागली, परिसेविका झाली आणि 2010 साली अधिसेविकेच्या खुर्चीतून उठली. राजापेठेतलं हे दोन खोल्यांचं घर तिनं त्याच पगारातून बांधलं. बडनेऱ्याची गाडी गेली की मांडणीवरचे पेले किणकिणतात. दवाखान्यात ती सगळ्यांशी शुद्ध बोलायची, घरात मात्र वऱ्हाडीच.

"मार खाल्ला तो लिहायचा नाही का?" मी विचारलं.

"लिही ना. पण अठरा-अठरा वर्षाच्या पोरी तुह्यासमोर बसतीन. हे ऐकून त्या म्हणतीन, चाल बाई, दुसरं काही शिकू."

मी भाषणाची सुरुवातच तिच्यापुढं धरली. "बरं, मला सांग, अमरावतीत बाई बाळंतपणाला कुठं जाते?"

"डफरीनले."

"अकोल्यात?"

"लेडी हार्डिंगले."

"आणि अपघात झाला तर?"

"इर्विनले. समजलं मले तुले काय म्हणायचं हाय ते."

म्हणायचं होतं ते एवढंच. दोन व्हाइसरॉयांच्या बायका आणि एक खुद्द व्हाइसरॉय. सरकारी पाटीवर आता जिल्हा स्त्री रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय असं लिहिलेलं असतं, पण धारणी-चिखलदऱ्याकडून आलेली म्हातारीसुद्धा रिक्षावाल्याला इर्विन आणि डफरीनच सांगते. लेडी डफरीननं 1885 साली हिंदुस्थानी बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला, त्यातून दवाखाने निघाले, नर्स आणि सुइणींच्या शिक्षणाची सोय झाली. त्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण त्या व्यवस्थेत वरच्या जागी बसायचं ते विलायतेहून आलेल्या बाईनं आणि हाताखाली राबायचं ते इथल्या बाईनं, ही घडी तेव्हाच बसली. ज्यांनी रात्रपाळ्या केल्या त्यांच्यापैकी एकीचं नाव तरी कुणाच्या तोंडी, कुठल्या चौकाला आहे का?

"चौकाचं नाव चौकात राह्यते," मावशी म्हणाली. "मले पगार रजिस्टरातल्या नावावर भेटला. तुले चौक पाह्यजे, मले रजिस्टर पाह्यजे. झालं."

तिला वाटलं वाद मिटला. मला वाटलं तो आता सुरू झाला.

मी पुढचं पान काढलं. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल 1845 साली उघडलं ते ‘नेटिव्ह’ रुग्णांसाठी. गोऱ्यांसाठी निराळं युरोपियन जनरल हॉस्पिटल होतं, त्याचंच पुढं सेंट जॉर्ज झालं. 28 मार्च 1888 रोजी दहा ब्रिटिश नर्सेसची तुकडी मुंबई बंदरात उतरली, कॅथरीन लॉक त्यांची प्रमुख. त्या आल्या गोऱ्या सोल्जरांच्या शुश्रूषेसाठी. त्याच फौजेत लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या इस्पितळांसाठी कायमची नर्सिंग सेवा उभी राहायला 1926 साल उजाडलं. मध्ये अडतीस वर्षं आणि एक महायुद्ध गेलं. आणि ती तुकडी उतरल्यावर तीनच वर्षांनी, 1891 साली, काशीबाई गणपत नावाची बाई मुंबईत नर्सिंग शिकायला आली. शिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून पाठ्यपुस्तकात तिची नोंद आहे.

"किती?"

"एक ओळ."

"एक ओळ तं हाय."

"मावशी, तुला एका ओळीवर समाधान आहे?"

"माह्या आजीची एक बी नाही." मावशी उठली, माठातून पाणी घेतलं आणि उभ्यानंच बोलत राहिली. तिची आजी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुईण होती. महारवाड्यातली. पाटलापासून कुणब्यापर्यंत अख्ख्या गावाची लेकरं तिच्या हातावर आली. पोटात मूल आडवं असलं तर ती बाहेरून तेल लावून, चोळून, हळूहळू डोकं खाली आणायची. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाचे कपडे धुवायची आणि मागच्या दारानं घरी यायची. मोबदला एक पायली जवारी. त्याच घरात पाचव्या दिवशी सटवाई पुजली जायची, तेव्हा मात्र तिला बाहेर अंगणात बसवायचे.

"हात तिचा माह्यापेक्षा चांगला होता," मावशी म्हणाली. "मी शिकले ते पुस्तकातून, तिले बोटातून समजे. पण तिले पायली भेटली अन् मले पेन्शन. फरक कशाचा? वहीत नाव असण्याचा. म्हणून म्हणते, रजिस्टराले नावं ठेवू नको."

खरं तर मी नावं ठेवलीच नव्हती. पण माझ्या मनात शंका होती ती याच जागी, आणि ती मला नीट मांडायची होती.

माझ्या भाषणाच्या मध्यभागी 1908 हे साल होतं. त्या एका वर्षात जगात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. हिंदुस्थानात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. तिची मुळं 1905 साली लखनौला झालेल्या नर्सिंग सुपरिंटेंडंट बायकांच्या संघटनेत होती आणि पुढारपण युरोपीय मेट्रन बायकांकडं होतं. अमेरिकेत मार्था फ्रँकलिन या काळ्या नर्सनं पुढाकार घेऊन काळ्या पदवीधर नर्सेसची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना काढली, कारण पुष्कळ राज्यांतल्या गोऱ्या नर्सेसच्या संघटना त्यांना सभासद करून घेत नव्हत्या. मेरी महोनी ही काळी नर्स तिथं 1879 सालीच शिक्षण पुरं करून बाहेर पडली होती. तिच्यासोबत 42 जणी दाखल झाल्या होत्या, टिकल्या चार. आणि दक्षिण आफ्रिकेत सेसिलिया माकिवाने ही मिशनच्या इस्पितळात शिकलेली काळी मुलगी सरकारी परीक्षा पास झाली आणि जानेवारी 1908मध्ये तिचं नाव नर्सेसच्या सरकारी रजिस्टरात चढलं. असं नाव चढलेली आफ्रिकेतली ती पहिली काळी नर्स.

मावशीचा चेहरा उजळला. "हे पाह्य! परीक्षा पास झाली, नाव चढलं. परीक्षेनं कातडी पाह्यली का?"

"पुढं ऐक ना. त्याच देशात 1957 साली नर्सिंगचा नवीन कायदा आला. रजिस्टरं वर्णाप्रमाणं वेगळी केली. कौन्सिलवर फक्त गोऱ्या नर्सेस. आणि गोऱ्या नर्सला बिगरगोऱ्या नर्सच्या हाताखाली नेमणं हा गुन्हा ठरवला, एखादी आणीबाणीची वेळ सोडून. माकिवानेचं नाव ज्या वहीत चढलं होतं, एकोणपन्नास वर्षांनी तिचीच त्यांनी भिंत केली."

मावशी गप्प झाली. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, आत पंप घरघरू लागला. मी बादली आणून ओतली. परत येऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "मंग ते वहीचं चुकलं का लिहिणाऱ्याचं?"

"लिहिणाऱ्याचं. पण लिहिणारा कोण, हे विचारल्याशिवाय वहीवर विश्वास कसा ठेवायचा? तेच तर मी मुलींना सांगते आहे."

ब्रिटनचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं, कारण तिथं कायद्यात रंगाचा शब्दही नव्हता. 1943 सालच्या कायद्यानं नर्सेसच्या दोन पायऱ्या झाल्या. रजिस्टर्ड नर्स वरची, एन्रोल्ड नर्स खालची, दोन वर्षांच्या शिक्षणाची. 1948 साली त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, माणसं कमी पडली, तेव्हा वेस्ट इंडीजमधून आणि इतर वसाहतींतून मुलींना बोलावलं. त्यातल्या कितीतरी जणींना खालच्या पायरीच्या शिक्षणाला घातलं. पुष्कळींना तो फरक तिथं गेल्यावर कळला. वरची जागा त्या दाखल्यावर मिळत नव्हती, आणि आपल्या मायदेशी परत जावं तर तिथंही तो दाखला अनेकदा चालत नव्हता. रंगाचं नाव न घेता रंगाप्रमाणं माणसं बसवता येतात, फक्त पायऱ्या नीट आखायच्या.

"त्या अमेरिकेतल्या बायकांचं काय झालं?" मावशीनं विचारलं. तिला हरलेल्या गोष्टीवर थांबणं आवडत नाही.

त्या लढल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं सुरुवातीला फक्त 56 काळ्या नर्सेस घ्यायचं ठरवलं होतं. नर्सेसचा तुटवडा होता, सक्तीनं भरती करायची भाषा चालू होती, तरी काळ्या नर्सेसना मर्यादा. त्यांच्यातल्या काहींना तर जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेवर पाठवलं. मेबल स्टॉपर्स या बाईनं वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, एलिनॉर रूझवेल्टना भेटली, वर्तमानपत्रांतून प्रश्न लावून धरला. जानेवारी 1945मध्ये ती मर्यादा उठली. मग देशभरातल्या नर्सेसच्या मुख्य संघटनेची दारं त्यांना उघडली आणि 1951 साली काळ्या नर्सेसनी आपली वेगळी संघटना स्वतःहून विसर्जित केली.

"आता हे लिहिलं ना तू," मावशी म्हणाली, "हेच मोठ्यानं वाच."

मग मी तिला ब्रायटनचं सांगितलं, आणि तिथून बोलणं माझ्या हातातून निसटलं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई इंग्लंडातल्या ब्रायटनला आणले. तिथल्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, त्यांचं इस्पितळ केलं. झुंबरांखाली खाटा मांडल्या. 1915 साली एका इंग्रजी वर्तमानपत्रात फोटो आला. खुदादाद खान या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, त्याच्या खाटेजवळ एक इंग्रज नर्स उभी. तेवढ्यानं सरकारी अंमलदार अस्वस्थ झाले. गोऱ्या बाईनं काळ्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा ही गोष्टच त्यांना सोसवेना. बायकांना शुश्रूषेतून काढलं, फार तर देखरेख. आणि त्याच इमारतीत हिंदी शिपायांच्या जाती-धर्माप्रमाणं नऊ स्वयंपाकघरं होती.

"नऊ?"

"नऊ."

मावशीनं हिशोब करावा तशी बोटं दुमडली. "नर्सले हात लावू नको म्हणे ते गोऱ्यानं सांगतलं. पण चुली? चुली गोऱ्यानं वेगळ्या केल्या, का आपनच मांगतल्या?"

मला उत्तर माहीत होतं. भाषणात मी चुलींचं वाक्य कौतुकानं लिहिलं होतं, इंग्रजांनी किती काळजी घेतली अशा सुरात. ते वाक्य मी तिथंच खोडलं.

"तुह्या भाषणात सगळा दोष साता समुद्रापलीकडं हाय," मावशी म्हणाली. "तुले सांगते एक गोष्ट. गावाचं अन् दवाखान्याचं नाव लिहायचं नाही."

1978च्या सुमारास ती एका तालुक्याच्या दवाखान्यात होती. रात्री दीडला बैलगाडीतून एक पहिलटकरीण आणली. आठवा महिना, अंगावर सूज, झटके येत होते, दातखीळ बसलेली. डॉक्टर दुसऱ्या गावी, शिपाई सायकलवर त्यांना आणायला गेला. मावशीनं बीपी पाहिला. 180/120. खोली अंधारी केली, सगळ्यांना बाहेर काढलं, बाईला डाव्या कुशीवर वळवलं, जीभ चावली जाऊ नये म्हणून चमच्याला बोळा गुंडाळून दातांत धरला, तोंडातला फेस काढत राहिली, लघवीची नळी घातली. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि श्वास कागदावर. डॉक्टर आले, त्यांनी सांगितली ती इंजेक्शनं दिली. पहाटे झटके थांबले.

"तं सासू आत आली. मले म्हणे, बाई, तुम्ही कोन? म्हटलं, सिस्टर. नाही, म्हणे, कोन म्हंजे कोन? मी सांगतलं. तिनं सुनेच्या उशाचा पान्याचा तांब्या उचलला अन् माह्यासमोर मोरीत ओतला. मी भरला होता तो."

"मग?"

"मंग काय? सहा वाजता पुन्हा बीपी पाह्यला. 150/100."

"मूल?"

"लेकरू नाही वाचलं. माय वाचली."

बाहेर रस्त्यावर बर्फाच्या गोळेवाल्याची घंटी वाजत गेली. मावशीनं सुपारी कातरायला अडकित्ता उचलला, पानं फडफडली, तिनं दुसरा हात त्यांच्यावर ठेवला. "मले त्या बाईचं नाव आठवत नाही. सासूचं तोंड बी नाही. हे दोन आकडे आठवतात."

"मावशी, हे मला भाषणात सांगू दे."

"नाही. पोरीईले तांब्या आठवंल, बीपी विसरतीन."

"आणि तांब्या विसरला, तर पुढच्या सिस्टरसमोर पुन्हा ओततील."

ती मान हलवत राहिली. तिचं म्हणणं मला पटत नाही, आजही पटत नाही. पण त्यात जो धाक आहे तो मी ओळखते. आपल्या कामाची ओळख अपमानानं व्हावी आणि कौशल्य मागं पडावं, हे तिनं आयुष्यभर टाळलं.

आणि ती म्हणते त्यात एक जागा मला चुकवता येत नाही. आपल्याकडं रंगाच्या भेदाला जातीच्या किळसेचा आधार होता. चांगल्या घरच्या हिंदू बायका या कामाला येत नाहीत, म्हणून वरच्या जागी आमच्या बायका आणतो, असं साहेबाला म्हणता यायचं, कारण ते खोटं नव्हतं. मलमूत्र, रक्त, परक्या पुरुषाचं अंग, या सगळ्याला आपण विटाळ म्हणत होतो. जे काम आजीसारख्या सुइणीला मागच्या दारानं पाठवत होतं, तेच काम पांढरा गणवेश घालून पुढच्या दारानं करायला कोण येणार? आल्या त्या नगरकडच्या ख्रिस्ती मुली, ज्यांची घरं दोन पिढ्यांपूर्वी महारवाड्या-मांगवाड्यातली होती. अँग्लो-इंडियन आल्या. पुढं केरळातून आल्या. आणि पगार, खोली, मान या सगळ्याची उतरंड गोऱ्या मेट्रनपासून खाली लागत गेली. 1946 साली आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं मोजलं तेव्हा एवढ्या अफाट हिंदुस्थानात नर्सेस होत्या 7,000, म्हणजे 43,000 माणसांमागं एक. ब्रिटनमध्ये 300 माणसांमागं एक होती. त्या फरकात साहेबाची कंजुषी आहे आणि आपली शिवाशीवही आहे.

मी मावशीला रमाबाई रानड्यांचं पान दाखवलं. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई अध्यक्ष आणि गो. कृ. देवधर चिटणीस. त्यांनी विधवांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. लोक नाही नाही ते बोलले. मी लिहिलं होतं, ‘मराठी मुलखात प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांनी या पेशाची पहिली पायवाट पाडली.’

"पहिली?" मावशीनं बोट ठेवलं. "त्यांच्याआधी ज्या करत होत्या त्या काय वाऱ्यावर चालत होत्या? त्या आल्या तवा तो पेशा झाला, अन् माह्या आजीनं केलं तवा ती घाण?"

इथं मी रमाबाईंची बाजू घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. केशवपन झालेल्या, सोवळ्यात कोंडलेल्या बाईनं त्या काळात परक्या पुरुषाची जखम धुवायला हात पुढं करणं याला छाती लागते. रमाबाईंनी नुसती भाषणं केली नाहीत, मुलींच्या राहण्याजेवणाची, अब्रूची जबाबदारी अंगावर घेतली. मावशीनं ते ऐकून घेतलं, नाही म्हणाली नाही. पण बोट त्या शब्दावरून काढलं नाही. शेवटी ‘पहिली’ हा शब्द मी खोडला. वाक्य नीट बसेना, पण खोटंही राहिलं नाही.

मग मी तिला एक अवघड गोष्ट विचारली. आपल्या दवाखान्यांत आयाबाईला सगळे मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयला मामा. नोकरीत असताना मावशीला कुणी दवाखान्याच्या आवारात मावशी म्हटलेलं चालत नसे. मी लहानपणी डबा घेऊन गेले की मला ताकीद असायची, तिथं सिस्टर म्हणायचं. मी विचारलं, "ड्युटीरूममध्ये दोन खुर्च्या होत्या. रात्रभर तुझ्याबरोबर जागणाऱ्या आयाबाई कुठं बसायच्या?"

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला. "खाली. स्टुलावर कवा कवा."

"तू बस म्हटलं नाहीस?"

"नाही म्हटलं." मग थोड्या वेळानं, "भेव वाटे. तिच्यासंगं बसलं तं मले बी सिस्टर नाही म्हणतीन. आधीच माह्या जातीचं समद्याईले म्हाईत. खुर्ची एवढीच तं कमावली होती."

मी काही बोलले नाही. दक्षिण आफ्रिकेतला कायदा, ब्रिटनमधली खालची पायरी, आणि वऱ्हाडातल्या एका ड्युटीरूममधलं स्टूल, यांचा एकमेकांशी जो संबंध आहे तो मला भाषणात चार पानांत सांगता आला नव्हता. मावशीनं तो सहजपणे स्वतःच्या अंगावर घेतला.

ऊन कलल्यावर माझी एक विद्यार्थिनी आली. चांदूर बाजारकडची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सध्या जर्मन शिकते. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या मुलींच्या घरांतून जर्मनीचं नाव रोज निघतं. तिला मावशीचा आशीर्वाद हवा होता. मी तिला विचारलं, कागदपत्रं कुठवर आली? ती म्हणाली, "मॅडम, भाषेची परीक्षा झाली की जायचं. पण आपली डिग्री तिकडे मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागेल."

मी मावशीकडं पाहिलं. जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही.

मावशीनं त्या मुलीला जवळ बसवलं. "किती महिने मदतनीस?"

"सांगता येत नाही, आजी. कागद किती लवकर तपासतात त्यावर आहे."

"लिहून घे त्याईच्याकडून. तोंडी नको. कोनतं काम तुह्या हातात देतीन, पगार कोनत्या दिवसापासून वाढंल, परीक्षा कवा, समदं कागदावर. अन् तिथं तुह्याआधी गेलेल्या पोरी असतीन, त्याईले धर. एकटी राहू नको." मग माझ्याकडं बोट दाखवून, "अन् हे जे लिहिलं हाय ना हिनं, ते इंग्लंडमधल्या दोन पायऱ्याचं, ते वाचून जा."

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "म्हणजे भाषणात तो मार ठेवायचा?"

"त्या पोरीच्या कामाचा हाय तेवढा ठेव."

"आणि तांब्या?"

तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. आत जाऊन चहा टाकला, कप घेऊन आली. "सांग," म्हणाली. "पण आधी बीपी सांग. दोन्ही आकडे. अंधारी खोली, डावी कूस, पंधरा मिनटं, समदं सांग. मंग तांब्या."

निघताना तिनं मला थांबवलं. मोबाइलवर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज उघडून ठेवला होता, अर्ध्यावर अडकलेला. दर पाच वर्षांनी तो भरावा लागतो. निवृत्त होऊन तिला पंधरा वर्षं होऊन गेलीत. खाजगी दवाखान्यातही ती कधी गेली नाही, आता गुडघ्यांमुळं जाणारही नाही.

"तुला काय करायचं आहे नोंदणी?" मी विचारलं.

"नाही भरलं तं नाव काढतात."

मी नोंदणी क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि कपाटातलं सर्टिफिकेट आण म्हटलं. तिनं हात हलवून नको म्हटलं आणि डोळे मिटून, एकेक आकडा तोडून, तोंडपाठ सांगायला लागली.